आधी पंपाला तेल पाजा

जून सरत आला, पाऊस लागला, की रायपूरच्या चारी अंगांनी ट्रॅक्टरचा आवाज बदलतो. उन्हाळाभर विटा-मुरूम वाहणारे ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील लावून धानाच्या बांध्यांत उतरतात. आरंग, अभनपूर, तिल्दा, धरसींवा, कुठेही जा, चिखलणीची घाई सगळीकडे सारखीच. मटासी आणि डोरसा जमिनीत हवं तेवढं पाणी उभं आहे तोवर चिखल झाला पाहिजे आणि रोवणी उरकली पाहिजे. या दिवसांत ट्रॅक्टर एक दिवस बसला तर त्याची भरपाई पुढे कशानेच होत नाही.

अशाच एका सकाळी अभनपूरच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. चाळीसेक हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, जपून वापरलेला. हंगामाच्या तोंडावर सगळं नीट असावं म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या हातानेच हायड्रोलिकचा फिल्टर बदलला होता. फिल्टर योग्य नंबरचा होता, तेलही चांगलं होतं. सकाळी गाडी सुरू केली, लिफ्टची लिव्हर वर घेतली, पण लोअर लिंक जागच्या हलेनात. त्याने ॲक्सिलरेटर वाढवला. तरी काही नाही, म्हणून आणखी वाढवला. तेव्हा इंजिनाच्या बाजूने आधी शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला, आणि मग पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा खडखडाट. शेजारच्या बांधावरून एक वयस्क मिस्त्री जवळजवळ धावतच आला. आधी त्याने इंजिन बंद केलं, मग म्हणाला, ‘हवा धर ले हे.’

आपणही मराठीत हेच म्हणतो, पंपाने हवा धरली. छत्तीसगढीत आणि मराठीत क्रियापदसुद्धा एकच. पण हवा धरली म्हणजे नेमकं काय झालं, आणि ॲक्सिलरेटर वाढवणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय का, हे ज्यांचा रोजचा संबंध ट्रॅक्टरशी येतो त्यांनाही बऱ्याचदा सांगितलेलं नसतं. डिझेलचा फिल्टर बदलला की एअर काढावी लागते हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं, कारण एअर काढली नाही तर गाडी सुरूच होत नाही. हायड्रोलिकचं तसं नाही. तिथे गाडी सुरू होते, इंजिन छान चालतं, आणि पंप मात्र कोरडा फिरत राहतो.

ही गोष्ट समजायला हापसा आठवावा. पूर्वी वाड्यात, अंगणात जो जुना हातपंप असायचा त्याचा दट्ट्या जमिनीच्या वर, मुठीच्या खालीच असे. चार दिवस वापरला नाही की तो कोरडा पडायचा, आणि कितीही हापसलं तरी पाणी यायचं नाही. मग कोणीतरी तांब्याभर पाणी वरून ओतायचं. चामड्याचा वायसर भिजून फुगायचा, फट बंद व्हायची आणि चार दांड्यांत पाणी चढायचं. गावोगावी बसवलेल्या खोल विंधनविहिरींवरच्या हापशाला हे लागत नाही. १९७०च्या दशकात जालना आणि सोलापूर इथल्या पंपांच्या अनुभवातून घडत गेलेल्या ‘इंडिया मार्क २’ हापशाचा सिलिंडर खाली पाण्यातच बुडालेला असतो. जो पंप पाण्यात बुडालेला आहे तो कोरडा पडणार कसा?

ट्रॅक्टरांतही या दोन्ही जाती आहेत. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची जोडणी आणि हायड्रोलिक लिफ्ट एकत्र आणली. १९३९ साली आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती जगभर पसरली आणि आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ती दिसते. त्या घराण्यातल्या पारंपरिक मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत पंप मागच्या हाउसिंगमध्ये, तेलातच बुडालेला असतो. त्याला हवेचा त्रास सहसा होत नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांत पंप बाहेर, इंजिनाच्या अंगाला बसवलेला असतो, तेल राहतं मागे गिअरच्या पेटीत, आणि दोहोंमध्ये एक जाड सक्शन पाइप आणि एक फिल्टर. जुन्या अंगणातला हापसा तो हाच. फिल्टर काढला की पाइपातलं तेल मागे पेटीत उतरतं किंवा खाली ट्रेमध्ये सांडतं आणि त्या जागी हवा शिरते. नवा फिल्टर कोरडाच लावला तर त्याच्या पोटातली अर्धा-एक लिटर हवा त्यात आणखी भर घालते.

आता कोणी विचारेल, पंप आहे ना, मग हवा ओढून टाकेल की. इथेच खरी गंमत आहे. हा गिअर पंप असतो. एकमेकांत दात अडकवून फिरणारे दोन गिअर, भोवती ॲल्युमिनियमचं घट्ट घर. दातांच्या खाचांत तेल अडकतं, कडेकडेने पलीकडे नेलं जातं आणि दात एकमेकांत शिरताना बाहेर पिळलं जातं. दात आणि घर यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते. ती फट बुजवायला तिथे रबर नाही की चामडं नाही, तिथे असतो फक्त तेलाचा पातळ थर. कामाचं तेल हेच पंपाचं सीलही आहे आणि बुशांचं वंगणही. तेल हवेपेक्षा हजारो पटींनी घट्ट, म्हणून ते त्या फटीतून मागे पळत नाही. हवा मात्र सहज पळते. कोरडा पंप एका बाजूने हवा पुढे ढकलतो आणि तीच हवा फटीतून परत मागे येते. चाकं फिरताहेत, काम शून्य. वर वंगण नाही, म्हणून बुश आणि घर घासू लागतात. ॲल्युमिनियमवर एकदा ओरखडे पडले की फट कायमची रुंदावते, आणि मग तेल भरलं तरी पंपाचा जुना जोर परत येत नाही. अशा कोरड्या धावेला फार वेळही लागत नाही. म्हणून मिस्त्रीने आधी इंजिन बंद केलं, बोलला नंतर.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पंप तेल ‘ओढतो’ असं आपण बोलण्यात म्हणतो, पण तेल ओढलं जात नाही. पंप आपल्या तोंडाशी थोडी पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब तेलाला त्या पोकळीत ढकलतो. हा दाब किती? समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो. रायपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंच, म्हणजे इथे तो तीन-साडेतीन टक्के आणखी कमी. पंपाच्या दुसऱ्या अंगाला पाहा. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह साधारण दीडशे ते दोनशे किलोच्या घरात उघडतो. म्हणजे ढकलायच्या बाजूला दीडशे किलोंची ताकद, आणि घ्यायच्या बाजूला पुरता एक किलोही नाही. हायड्रोलिकचे बहुतेक आजार या दुबळ्या बाजूला होतात, आणि आपण तपासत बसतो ताकदीची बाजू, कारण तेल तिथून गळतं.

सक्शनच्या बाजूची गळती दिसत नाही, आणि हीच तिची खोड. तिथे आत पोकळी, बाहेर जास्त दाब. सील खराब असेल, क्लॅम्प सैल असेल, ओ-रिंग दुमडली असेल, तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब नाही, पाइप कोरडा ठणठणीत, आणि पंप मात्र हवा पितोय. फिल्टर बदलताना होणारी नेहमीची चूक म्हणजे जुन्या फिल्टरचं रबरी गॅस्केट हाउसिंगलाच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसतो. दोन रबरं एकमेकांवर, हाताला घट्ट लागतं, पण हवा आत जात राहते. जुना फिल्टर काढला की त्याचं रबर त्याच्यासोबत आलं का, हे मी आता प्रत्येक वेळी बोट फिरवून पाहतो.

त्या सकाळी मिस्त्रीने जे केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. जोडलेला कल्टिव्हेटर जमिनीवर टेकलेला होताच. फिल्टरच्या भोवतालचा चिखल त्याने आधी डिझेलच्या फडक्याने पुसला. पावसाळ्यात हे काम अर्धं काम मानावं, कारण उघड्या तोंडातून गेलेली वाळू गाळायला पुढे काहीच नसतं, ती थेट पंपात जाते. मग फिल्टर उतरवला. तो आतून बऱ्यापैकी कोरडा निघाला, तिथेच निदान झालं. रबर पाहिलं, त्याला तेलाचं बोट लावलं. फिल्टर उभा बसणारा होता, म्हणून डब्यातून स्वच्छ तेल घेऊन तो काठोकाठ भरला. कागदाने तेल शोषून घेतलं की पातळी उतरते, म्हणून थांबून पुन्हा भरला. हाताने फिरवून रबर टेकेपर्यंत आणला आणि फिल्टरवर छापलं होतं तितकाच पुढे आवळला. पाना लावला नाही. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही, आणि रबरही चेपतं.

मग तो पंपाशी गेला. पंपाच्या तोंडाशी येणारा सक्शन पाइप सैल केला, तेलाच्या कॅनने पंपाच्या आत बसेल तितकं तेल सोडलं, पाइपातही ओतलं आणि जोड पुन्हा बसवला. ‘पहिले याला पाजायचं,’ तो म्हणाला. मागच्या पेटीतली पातळी डिपस्टिकने पाहिली आणि कमी होती तेवढं तेल घातलं. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं तो काहीच न करता बसून राहिला. शेतकरी अस्वस्थ, कारण बांधीतलं पाणी उतरत होतं. पण ही वेळ वाया जात नव्हती. जिथे फिल्टर तेलाच्या पातळीखाली असतो तिथे या वेळात तेल आपल्याच वजनाने पाइपात उतरतं आणि हवा वर सरकते.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. त्याने इंजिनाचा स्टॉपर ओढून धरायला लावला, म्हणजे डिझेल बंद, आणि स्टार्टर मारला. इंजिन सुरू होत नाही, नुसतं सावकाश फिरतं, आणि त्याच्यासोबत पंपही. दहा सेकंद फिरवून एक मिनिट थांबायचं, स्टार्टरला आणि बॅटरीला दम घेऊ द्यायचा, मग पुन्हा. असं तीनदा. या सावकाश गतीला भिजलेला पंप पाइपातलं तेल बिनघर्षण पकडतो. नव्या गाड्यांत डिझेल विजेच्या सोलेनॉइडने बंद होतं; तिथे काय करायचं ते त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावं, अंदाजाने वायरी काढू नयेत. काही जण या वेळी पंपाच्या बाहेरच्या पाइपाचा नट सैल करून हवा सोडतात. माझ्या मते त्याची गरज नसते. लिव्हर खाली असताना आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत तेलाला व्हॉल्व्हमधून परत पेटीकडे जायला वाट मोकळी असते, हवाही त्याच वाटेने निघून जाते. आणि इंजिन चालू असताना तर तो नट कधीच सैल करू नये.

स्टॉपर सोडला, इंजिन सुरू झालं, सर्वात कमी गतीवर. लिव्हर खालीच. मिनिटभर नुसतं ऐकायचं. अर्ध्या मिनिटात पंपाचा आवाज निवळला नाही तर बंद करून पुन्हा तेल पाजायचं, गती वाढवायची नाही. इथे आवाज निवळला. मग लिव्हर हळूच वर. लिंक हलल्या, थांबल्या, हिचके देत थोड्या वर आल्या. आतल्या सिलिंडरमध्ये तेलासोबत हवा होती. तेल जवळजवळ दबत नाही, हवा स्प्रिंगसारखी दबते, म्हणून ते हिचके. जोडलेला कल्टिव्हेटर त्याने इंजिन सुरू करण्याआधी सोडवून ठेवला होता, त्यामुळे वजन काही नव्हतं. वर, खाली, वर, खाली, असं दहा-बारा वेळा. प्रत्येक वेळी सिलिंडरमधलं तेल आपल्या पोटातली हवा घेऊन पेटीत परत येतं. लिव्हर अगदी वर रोखून धरायची नाही, त्याने रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल नुसतं तापतं. आठव्या-नवव्या वेळी लिंक एकसारख्या उचलल्या गेल्या.

तरीही मिस्त्रीने लगेच चिखलात जाऊ दिलं नाही. पेटीत परत आलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात तेलात तरंगत असते. त्या बुडबुड्यांना वर यायला किती वेळ लागतो याचं गणित साधं आहे आणि डोळे उघडणारं आहे. मिलिमीटरभर व्यासाचा बुडबुडा वीस सेंटीमीटर तेलातून वीसेक सेकंदांत वर येतो. दहापट लहान, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बुडबुडा शंभरपट हळू चढतो, त्याला तेवढ्याच अंतराला अर्धा-पाऊण तास लागतो. गती वाढवून तेल घुसळलं की मोठे बुडबुडे फुटून हेच बारीक बुडबुडे होतात. गाडी बंद करून अर्धा तास सावलीत ठेवणं हा उपचारच आहे, आराम नव्हे. त्यानंतर पातळी पुन्हा पाहिली, ती उतरली होती, कारण फिल्टर आणि पाइप यांनी आपला वाटा घेतला होता. तेवढं तेल घातलं आणि मग गाडी बांधीत गेली.

आता त्या खडखडाटाबद्दल. पंपाच्या तोंडाशी तेल पुरेसं पोहोचलं नाही की तिथला दाब इतका खाली जातो की तेलात विरघळलेली हवाच फसफसून बाहेर येते. सोड्याची बाटली उघडावी तसं. आपल्या खनिज तेलात साध्या दाबाला आठ-दहा टक्के हवा विरघळलेली असतेच. हे बुडबुडे आणि पोकळ्या पंपाच्या दाबाच्या बाजूला पोहोचल्या की क्षणात चिरडल्या जातात आणि प्रत्येक चिरडणं धातूवर हातोडीच्या बारीक ठोक्यासारखं पडतं. जहाजांच्या पितळी पंख्यांना पडणाऱ्या खड्ड्यांचं कारण शोधताना लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली अशा कोसळणाऱ्या पोकळीचं गणित मांडलं. तेच खड्डे ट्रॅक्टरच्या पंपातही पडतात.

आवाज आणि फेस यांची जोडी पाहून निदान बऱ्याच अंशी होतं. पंप किंचाळतो आणि तेलावर फेस आहे, तर कुठून तरी हवा आत येते आहे. किंचाळतो पण फेस नाही, तर तेल पोहोचत नाही: फिल्टर चोंदला आहे, पाइप आतून चेपला आहे किंवा चुकीचं जाड तेल भरलं आहे. हवा कुठून येते ते शोधायला गाडी सावकाश चालू ठेवून सक्शनच्या एकेका जोडावर ग्रीसचा जाड थर द्यावा. ज्या जोडावर ग्रीस लागताच आवाज बदलतो तो जोड दोषी. हे करताना फॅन आणि बेल्टपासून बाही आणि गमछा दूर राहील एवढं पाहावं.

धानाच्या मुलखात आणखी एक फसवणूक होते. चिखलणीत गाडी गुडघाभर पाण्यात चालते, आणि घासलेल्या सीलमधून पाणी गिअरच्या पेटीत शिरू शकतं. पाणी मिसळलेलं तेलही दुधासारखं दिसतं आणि हवा मिसळलेलंही. यावर सोपी परीक्षा आहे. पेटीतलं थोडं तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि रात्रभर खिडकीत ठेवा. हवा असेल तर सकाळी तेल नितळ होतं. पाणी असेल तर ते गढूळच राहतं किंवा बाटलीच्या तळाशी पाण्याची रेघ दिसते. हवा असेल तर जोड आवळा. पाणी असेल तर पंपाच्या मागे लागू नका, सगळं तेल बदला आणि पाणी शिरलं कुठून ते शोधा.

दाबाच्या बाजूची गळती शोधायला हात फिरवण्याची सवय मात्र सोडायला हवी. सुईएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतंही थोडंच, आणि काही तासांत बोट, कधी हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. कातडीत तेल गेल्याची शंका आली तरी लगेच रुग्णालयात जावं आणि ‘दाबाचं तेल आत गेलं आहे’ असं स्पष्ट सांगावं. तसंच नुसत्या लिफ्टच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली कोणी जाऊ नये.

अभनपूरच्या त्या ट्रॅक्टरचा पंप वाचला. मिस्त्रीच्या एकूण कामाला दीड तास लागला आणि दोनेक लिटर तेल. छत्तीसगढमध्ये, मराठी पंचांगातल्या श्रावणाच्या अगोदरच्या अमावास्येला, हरेलीचा सण येतो. त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडं धुऊन मांडतात, गुळाच्या चिल्ह्याचा नैवेद्य दाखवतात आणि आता अंगणात ट्रॅक्टरचीही पूजा होते. चिखलणीचं बरंचसं काम तोवर उरकलेलं असतं. या हरेलीला ट्रॅक्टर धुताना सक्शन पाइपाच्या दोन्ही टोकांचे क्लॅम्प एकदा हाताने हलवून पाहा आणि तेलाचा एक नमुना बाटलीत काढून रात्रभर खिडकीत ठेवा.